ट्रकच्या वायरिंगमधला फॉल्ट शोधायला शिकताना

शिकायला आलेल्या मुलाच्या हातात मी लगेच मल्टिमीटर देत नाही, आधी त्याला ड्रायव्हरशी बोलायला पाठवतो. "लाइट लागत नाही" एवढ्यावर गाडी उघडायची नाही. कधी लागत नाही? पावसात, खड्ड्यात, की ट्रेलर जोडल्यावर? कायम बंद आहे की मधूनच जाते? अलीकडे गाडीवर जीपीएस, मोठा हॉर्न, जादा दिवे असं काही बसवलंय का? "केबिन उचलून खाली केली तेव्हापासून" असं उत्तर आलं, की मी सरळ केबिनच्या बिजागरीपाशी, जिथे हार्नेस (वायरांचा जुडगा) वाकतो तिथे जातो. दुसरीकडे हात लावण्याआधी ती जागा बघायची.

मग स्वतः सगळे दिवे लावून बघा. काय बंद आहे याइतकंच काय चालू आहे हेही महत्त्वाचं. डावीकडचा टेललाइट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर तिन्ही एकदम मंद असतील, तर तीन बल्ब एकाच दिवशी खराब झालेत असं समजू नका. त्या तिघांत सामायिक काय आहे? बहुतेक वेळा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट. एका फ्यूजवरची चार कामं बंद आणि बाकी सगळं ठीक असेल, तर तो फ्यूज आणि त्याच्या मागची लाइन बघा. हा विचार सर्किट डायग्रामवर बोट ठेवून करायचा. त्यावरचे आकडे बऱ्याच गाड्यांत डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकाप्रमाणे असतात: ३० म्हणजे बॅटरीचा थेट प्लस, १५ म्हणजे इग्निशननंतरचा प्लस, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फला (स्टार्टर मोटरला) जाणारी आज्ञा, ८५ आणि ८६ रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल, ८७ रिलेचं आउटपुट. एवढे आकडे तोंडपाठ झाले तर अनोळखी गाडीचा डायग्रामही वाचता येतो.

मीटर पहिल्यांदा लावायचा तो बॅटरीला. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात. पूर्ण चार्ज होऊन काही तास उभ्या असलेल्या गाडीत प्रत्येक बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, दोन्ही मिळून २५.२. इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण २७.५ ते २८.५ देतो. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाच. एक १२.६ आणि दुसरी ११.८ असेल तर बेरीज २४.४ येते, वरवर ठीक वाटते, पण सेल्फ मारला की गाडी उठत नाही. बरेचदा कुणीतरी रेडिओसाठी मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढलेले असतात, त्यामुळे एकच बॅटरी रिकामी होत राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते. तिथे २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टरच हवा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. करंट वाहत असतानाच मोजा.

हेडलाइट मंद आहे म्हणून बल्ब काढला, कपलरमध्ये (वायरच्या प्लगमध्ये) मीटर लावला, २५ व्होल्ट दिसले आणि "वायर चांगली आहे" असं ठरवलं, ही नव्या माणसाची नेहमीची वाट. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. वायरची सगळी तार तुटून एकच काडी शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कंटिन्युइटीची (वायर अखंड आहे का बघायच्या चाचणीची) शिटीसुद्धा वाजते. पण २४ व्होल्टच्या ७० वॉटच्या बल्बला जवळपास ३ अँपिअर लागतात, आणि ते त्या एका काडीतून जायला लागले की खरी गोष्ट बाहेर येते. चालू असताना या बल्बचा रोध सुमारे ८ ओहम. वाटेतल्या गंजलेल्या टर्मिनलने त्यात फक्त २ ओहमची भर घातली, तरी बल्बपर्यंत १९ व्होल्टच्या आसपास पोचतात आणि उजेड निम्म्यावर येतो.

म्हणून बल्ब जागेवर ठेवा, दिवा चालू करा. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी पिन बल्बच्या प्लस टर्मिनलला मागच्या बाजूने. जे व्होल्टेज दिसेल ते वाटेत गळालेलं व्होल्टेज, म्हणजेच ड्रॉप. मग अर्थची बाजू: एक पिन बल्बच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. निरोगी अर्थवर ०.१-०.२ व्होल्टच्या वर जायला नको. प्लसच्या बाजूला स्विच, रिले, फ्यूज असे टप्पे असल्याने थोडं जास्त चालतं. पण एका जोडावरच २ व्होल्ट पडत असतील तर दोष तिथेच. बॅटरीकडून एकेक टप्पा पुढे जा, ड्रॉप ज्या दोन बिंदूंमध्ये एकदम वाढतो त्यांच्यामधली वस्तू उघडा. ही एक चाचणी नीट अंगवळणी पडली तर विनाकारण पार्ट बदलण्याचा अर्धा खर्च वाचतो. पार्ट बदलून फॉल्ट शोधणं मला मनापासून आवडत नाही. गाडीमालकाचे पैसे जातात आणि शिकणाऱ्याला काही कळतही नाही.

अर्थबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथला फॉल्ट फार फसवा असतो. ट्रेलर जोडलेली एक गाडी आली होती: डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे टेललाइट मंद लुकलुकायचे, ब्रेक दाबला की भलतेच दिवे पेटायचे. आधी कुठेतरी इंडिकेटरचा स्विच आणि फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलून झाले होते. खरा दोष होता ट्रेलरच्या सात पिनच्या सॉकेटमध्ये. आयएसओ ११८५ प्रमाणे त्यातली १ नंबरची पिन अर्थची. ती हिरवी पडून तुटली होती. परत जायला सरळ वाट नाही म्हटल्यावर इंडिकेटरचा करंट टेललाइटच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन पुढच्या गाडीच्या दिव्यांतून अर्थ शोधत होता. वळणावर मात्र दिवे मधूनच नीट लागायचे, कारण फिफ्थ व्हील (ट्रेलर अडकवायची ट्रकवरची प्लेट) आणि किंगपिन (त्यात बसणारी ट्रेलरची खुंटी) यांचा ग्रीसमधून कसाबसा संपर्क होत होता. एक दिवा लावल्यावर दुसराच लागतो अशी तक्रार आली की आधी अर्थ तपासा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज कधीही लावू नका. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. हे आकडे वायरच्या जाडीप्रमाणे ठरवलेले असतात. मोठा फ्यूज लावला तर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि त्यातून गाडी पेटू शकते. शॉर्ट शोधायला उडालेल्या फ्यूजच्या जागी ७० वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडात लागतो, पण करंट ३ अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग त्या लाइनवरचे कपलर एकेक करून सोडवा, हार्नेस हलवा. ज्या क्षणी बल्ब विझतो तिथे शॉर्ट. नुसता मंद लागला तर तो त्या सर्किटचा नेहमीचा लोडही असू शकतो. एअरबॅग आणि ईसीयूच्या (गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरच्या) लाइनवर हा प्रयोग करायचा नाही, साधा टेस्ट लॅम्पही लावायचा नाही.

वायर कुठे खराब होते? जिथे ती घासते, वाकते किंवा भिजते. चेसिसच्या धारेवरून जाणारा क्लिप तुटलेला हार्नेस, बॅटरी बॉक्सच्या बाजूचे जोड, ट्रेलरची कॉइल केबल, मागच्या दिव्यांचे कपलर. टेस्टरची टोकदार सुई वायरमध्ये खुपसू नका. त्या भोकातून पाणी आत शिरतं, तारेच्या काड्यांमधून चढत जातं, आणि काही महिन्यांनी दोन फुटांवर वायर आतून हिरवी भुकटी होऊन तुटते. वरून इन्सुलेशन धडधाकट दिसतं. वायर हलकेच ओढून बघा, आत तुटलेली असेल तर रबरासारखी ताणते.

नव्या गाड्यांत स्कॅनर लावावाच लागतो. फॉल्ट कोडमध्ये दोन आकडे असतात: एसपीएन सांगतो कुठलं सर्किट, एफएमआय सांगतो काय झालंय: ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे व्होल्टेज कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा वायर तुटलेली, ६ म्हणजे करंट जास्त. कोड सेन्सरचं नाव घेतो म्हणून सेन्सर बदलू नका. समजा कूलंट टेंपरेचर सेन्सरवर ४ आला. सेन्सरचा कपलर काढा. कोड बदलून ३ किंवा ५ झाला तर वायर आणि ईसीयू ठीक आहेत, सेन्सर आतून शॉर्ट आहे. ४ तसाच राहिला तर वायर मध्येच कुठेतरी अर्थला लागली आहे. जे१९३९ मानकाच्या कॅन लाइनला (ज्या दोन वायरवरून ईसीयू एकमेकांशी बोलतात तिला) दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरीचा मेन स्विच बंद करून नऊ पिनच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी पिनच्या मध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या आसपास आले तर दोन वायर एकमेकींना चिकटल्यात.

सुरक्षेचं न चुकता पाळा: चाकांना अडण, केबिन उचलली तर तिचं लॉक, हातातली अंगठी-घड्याळ काढून ठेवा. २४ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण प्लस आणि बॉडीमध्ये अंगठी सापडली तर ती लाल होते. बॅटरी काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. जोड पिळून टेप गुंडाळू नका. योग्य मापाचा क्रिंप (दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) ट्यूब लावा, मग पुन्हा लोडवर ड्रॉप मोजा.

सुरुवातीचे काही महिने बिघडलेल्या गाडीइतकाच वेळ चांगल्या गाडीला द्या. सर्व्हिसिंगला आलेल्या ठणठणीत ट्रकवर हेडलाइटचा, हॉर्नचा, वायपर मोटरचा दोन्ही बाजूंचा ड्रॉप मोजा. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज कितीवर येतं ते बघा. गाडी बंद करून ईसीयूसारखे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपल्यावर किती करंट ओढला जातो तेही क्लॅम्प मीटरने बघा. सगळे आकडे गाडीच्या मॉडेलसकट वहीत लिहा. त्याच मॉडेलची बिघडलेली गाडी आली की ताडून बघायला तुमच्याकडे स्वतः मोजलेले आकडे असतील.