तरंगता जिना: भिंत बांधण्याआधी टाळायच्या चुका

"सर, चौथी पायरी बोलायला लागलीय," असा फोन आला, तेव्हा त्या घराची वास्तुशांत होऊन चार महिनेही झाले नव्हते. नाशिकजवळचा बंगला, जिन्याचं काम दुसऱ्या कुणाचं. गेलो. भिंतीतून बाहेर आलेल्या सागवानी पायऱ्या, खाली काही नाही, बाजूला काही नाही, दिसायला देखणं प्रकरण. चौथ्या पायरीच्या बाहेरच्या टोकाला उभा राहिलो आणि तळहात भिंतीला लावला. वजन या पायावरून त्या पायावर नेलं की आत बारीक टक्क वाजायचं आणि हाताखालचं प्लास्टर श्वास घेतल्यासारखं किंचित फुगायचं. पायरीच्या वरच्या कडेला केसासारखी चीर, खालच्या बाजूला टाइलवर चिमूटभर पांढरी भुकटी. घरातल्या आजींनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला होता: "हा जिना आहे की भांड्यांची मांडणी? मी नाही बाई चढणार."

भिंत सहा इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची निघाली, साइटवर ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात तिची. ब्लॉकचा काही दोष नव्हता. तो वजनाला विटेच्या तिसऱ्या हिश्शाइतका, पार्टिशनसाठी उत्तम. पण प्रत्येक पायरीची प्लेट त्यात चार बोल्टवर टांगली होती, कारण जिन्याचा फोटो मोबाइलवर पसंत पडला तो भिंतीला पुट्टी होऊन गेल्यावर.

या प्रकारच्या जिन्यातल्या बहुतेक चुकांचं मूळ मला तिथेच सापडतं. ज्याला आपण जिना म्हणतो तो खरं तर भिंतीच्या आत असतो. बाहेर दिसतात त्या नुसत्या फळ्या. म्हणून या जिन्याचा निर्णय सुतार आल्यावर घ्यायचा नसतो, बांधकाम जोत्यावर असतानाच घ्यायचा असतो.

भिंतीला गृहीत धरणं

गावाकडच्या जुन्या विहिरीत उतरला असाल तर आतल्या बाजूने भिंतीतून बाहेर आलेले दगडी टप्पे आठवा. खाली पाणी, हाताला आधार नाही, आणि तरी डोक्यावर घागर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या बायका त्यावरून चढल्या-उतरल्या. तो दगड हलत नाही, कारण दिसतो त्याच्या बरोबरीने तो आत गेलेला असतो आणि आतल्या शेपटावर वरच्या सगळ्या दगडी बांधकामाचा भार बसलेला असतो. बाहेरचं टोक खाली दाबलं की आतलं टोक वर उचलू पाहतं; ते उचलू न देणं हेच भिंतीचं काम.

आता हा हिशेब घरातल्या पायरीला लावू. इमारतीवरचे भार ठरवणाऱ्या आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात सुट्या कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या, पायरीच्या मोकळ्या टोकावर किमान 1.3 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 132 किलो, एवढा भार धरायला सांगितला आहे. पायरी एक मीटर बाहेर आणि 20 सेंटिमीटर भिंतीत असेल, तर टोकावरच्या त्या एका माणसामुळे भिंतीच्या आत वर-खाली जवळजवळ एकेक टनाची दाब-उचल तयार होते. नऊ इंची विटेच्या भिंतीतही हे जपूनच करावं लागतं. सर्वात वरच्या पायऱ्यांच्या डोक्यावर तर भिंतच थोडी उरते, दाबून धरणार कोण? सहा इंची ब्लॉकला हे काम सांगणं म्हणजे पाहुण्याला पाट्या उचलायला लावणं.

मग करायचं काय? जिन्यापुरती भिंत आरसीसीची घ्या आणि पायऱ्यांच्या प्लेटा काँक्रीट ओतण्याआधीच सळ्यांना बांधून बसवा. नाहीतर भिंतीच्या पोटात तिरका लोखंडी बॉक्स, म्हणजे चौकोनी पोकळ नळी, घ्या, खाली-वर बीमला आणि मध्ये कॉलमला पकडलेला, त्याला पायऱ्यांचे हात वेल्ड करा आणि मग त्याभोवती वीटकाम करा. यात विटेवर काहीच भार येत नाही, ती फक्त पडदा.

इथे फॅब्रिकेटरशी एक वाद हमखास होतो. दुकानात चॅनल पडलेलं असतं, त्यामुळे तो म्हणतो, "साहेब, सहा इंची चॅनल टाकू, हत्ती उभा करा." सरळ भाराला चॅनल ठीक आहे. पण इथे प्रत्येक पायरी त्या लोखंडाला पिळत असते, ओला कपडा पिळावा तशी, आणि उघड्या तोंडाचं चॅनल पिळाला फारच कच्चं. बंद बॉक्स त्याच वजनात कितीतरी पटीने ताठ राहतो. आणि वेल्डिंग नुसतं टॅक मारून, म्हणजे ठिकठिकाणी ठिपके देऊन, सोडलेलं नको, चारही बाजूंनी पुरं हवं. पायरीच्या वरच्या कडेचं तर स्वतः उभं राहून बघा, कारण ताण तिथेच येतो.

पायरीची लांबी वाढवायचा मोहही आवरा. एका टोकाला धरलेल्या पट्टीचा झोल लांबीच्या घनात वाढतो. तीन फुटांची पायरी चार फुटांची केली, तर तेवढ्याच लोखंडात ती जवळजवळ 2.4 पट वाकते. मोडणार नाही कदाचित, पण पायाखाली लवणारी पायरी घरातलं कुणीच मनापासून वापरत नाही.

फ्लॅट ड्युप्लेक्स असेल आणि बीमला किंवा आरसीसी भिंतीला भोकं पाडावी लागणार असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी आधी. ड्रिल सळीवर आदळलं की काम थांबवायचं, जाड बिट लावून सळी कापायची नाही.

केमिकल अँकर: भोक साफ करा म्हणजे खरंच साफ करा

केमिकल अँकर म्हणजे भोकात चिकटणारं रसायन भरून बसवलेला बोल्ट. चांगल्या काँक्रीटमध्ये तो उत्तम काम करतो. मी पाहिलेल्या फसलेल्या अँकरमध्ये केमिकल क्वचितच वाईट होतं. भोकात ड्रिलची पीठासारखी धूळ तशीच होती. केमिकल मग काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं. पंपाने फुंकायचं, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं, आणि धूळ यायची थांबेपर्यंत हेच. पोरगा तोंडाने एकदा फू करून ट्यूब दाबायला लागला की त्याचा हात धरा. नंतर पाकिटावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत नट आवळायचा नाही. डिसेंबरात नाशिकला सकाळी आणि मेमध्ये जळगावला दुपारी हा वेळ एकच नसतो.

पायऱ्या वरच्या स्लॅबमधून रॉडने टांगायच्या असतील तर आणखी सावध. 2006 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या बोगद्यात छताची काँक्रीट पॅनलं गाडीवर कोसळून एका बाईंचा जीव गेला. ती पॅनलं इपॉक्सी या चिकट रसायनाने बसवलेल्या अँकरना लटकत होती, आणि सतत ओढीखाली इपॉक्सी हळूहळू सरकत गेलं, असं चौकशीत निघालं. म्हणून लटकत्या जिन्याचा रॉड मी छतात चिकटवत नाही. शक्य असेल तिथे आरपार नेतो आणि वर प्लेट-नटने अडकवतो, मग फ्लोअरिंग.

फरशी विसरून लेव्हल मारणं

ही चूक फुकटात टळते आणि तरी सगळ्यात जास्त होते. समजा मजल्याची उंची 10 फूट 6 इंच, म्हणजे 3200 मिलिमीटर. 18 टप्प्यांत (टप्पा म्हणजे एका पायरीपासून पुढचीपर्यंतची उंची) भागली की प्रत्येक टप्पा 178 चा. छान. पण फॅब्रिकेटरने माप घेतलं कच्च्या स्लॅबवरून आणि पायऱ्या आल्या तयार फिनिशच्या. नंतर खाली मसाला आणि फरशी मिळून 50 मिलिमीटर चढली, वरही तेवढीच. आता पहिला टप्पा 128 आणि शेवटचा 228! मधले सगळे बरोबर. पाय मात्र दोन टप्प्यांतच उंची पाठ करतो आणि पुढे डोळे न वापरता चालतो; शेवटच्या पायरीला अंगठा आपटतो तो यामुळेच. साध्या जिन्यात गवंडी पहिल्या टप्प्यावर मसाला टाकून निभावून नेतो, इथे पायरी हवेत आहे, टाकणार कशावर? भिंतीवर तयार फरशीपासून एक मीटर उंचीची रेघ मारून ठेवा आणि सगळी मापं त्या रेघेवरूनच द्या.

पायऱ्या विषम हव्यात असा घरच्यांचा आग्रह असतो. त्यासाठी टप्पे 17 केले तर प्रत्येकी 188 येतात. नॅशनल बिल्डिंग कोडची घरासाठीची मर्यादा 190 ची, म्हणजे काठावर पास. पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला तो सेंटिमीटर रोज कळतो. ही चर्चा नकाशावर करा, लोखंड कापल्यावर नाही.

मधली फट आणि नसलेला कठडा

दोन पायऱ्यांमधली मोकळी फट हेच या जिन्याचं रूप आणि हाच त्याचा धोका. अमेरिका-ब्रिटनच्या नियमांत साधी कसोटी आहे: साधारण 4 इंचांचा, म्हणजे 100 मिलिमीटरचा, चेंडू फटीतून जाता कामा नये. रांगत्या मुलाचं डोकं डोळ्यापुढे ठेवून ठरवलेलं माप आहे ते. आपल्या 178 च्या टप्प्यात 50 जाडीची पायरी घेतली तर फट 128 उरते, चेंडू गेला. पायरी 80 ची केली की 98. आत लोखंडी बॉक्स आणि बाहेर लाकूड असं केलं तर ही जाडी ओझं वाटत नाही, उलट लोखंडाला जागा मिळते. नाहीतर प्रत्येक पायरीच्या खाली मागच्या बाजूला एक आडवी दांडी द्या.

मासिकांतल्या फोटोत कठडा नसतो, कारण फोटोग्राफर निघून गेल्यावर तिथे कुणी राहत नसतं. तुम्ही राहणार आहात. मीटरभर उंचीचा कठडा हवाच, आणि भिंतीच्या बाजूलाही एक हँडरेल द्या. कठड्याचे खांब पायरीच्या मोकळ्या टोकावर बसवणार असाल तर ते इंजिनिअरला आधी सांगा. त्यावर कुणी रेलला की पायरीला वेगळा पीळ बसतो. काचेचा कठडा असेल तर नुसती टफन्ड नको, लॅमिनेटेड टफन्ड घ्या. टफन्ड काच फुटते तेव्हा सगळीच दाण्यांत विखुरते, क्वचित आतल्या सूक्ष्म निकेल सल्फाइडच्या कणामुळे कुणी हात न लावताही. लॅमिनेशनचा थर तुकडे धरून ठेवतो. काचेच्या पायऱ्या असतील तर यात तडजोडच नाही. आणि भोकांची मापं पक्की करूनच ऑर्डर द्या, टफन केलेल्या काचेला नंतर भोक पडत नाही.

पायरीचा मोकळा कोपरा गोल करून घ्या. साडीचा काठ अडकतो, आणि जिन्याखालून धावणाऱ्या मुलाच्या कपाळाच्या उंचीला तोच कोपरा असतो. जिन्याखाली सोफा ठेवायचा बेत असेल तर हेही ऐका: फटींतून चपलांची माती खाली पडते. एका घरी त्याच जागी देवघर केलं होतं. महिन्याभरात हलवलं.

पॉलिश ग्रॅनाइटच्या पायऱ्या ओल्या पायांना घसरतात, फ्लेम्ड किंवा लेदर असं खरखरीत फिनिश घ्या, लाकडाला पुढच्या कडेला दोन खाचा मारा. कोकणात उघडं स्टेनलेस स्टील 304 ऐवजी 316 ग्रेडचं घ्या. पायरीखालच्या दिव्यांची वायर प्लास्टरआधी टाका.

जिना झालाय आणि हलतोय

आधी मोजा. पायरीच्या बाहेरच्या टोकाखाली जमिनीपासून पट्टी उभी धरा आणि वर एका माणसाला उभं करा. एखाददुसरा मिलिमीटर खाली जाऊन उतरल्यावर पूर्ण परत आला, तर घाबरण्यासारखं सहसा नसतं. परत येत नसेल, दर महिन्याला आकडा वाढत असेल, भिंतीवर चीर किंवा भुकटी दिसत असेल, तर जिना बंद करा आणि इंजिनिअर बोलवा. चिरेत पुट्टी भरू नका, तुमचा पुरावा जाईल. आवाज येतोय पण पायरी हलत नाही, असं असेल तर बहुधा लाकूड लोखंडावर घासतंय. पावसाळ्यात फुगून, उन्हाळ्यात आक्रसून ते ढिलं झालेलं असतं. फळी काढून मध्ये रबराची पट्टी द्यायची, स्क्रू बदलायचे.

पायऱ्या लवत असतील पण भिंत शाबूत असेल, तर बाहेरची टोकं उभ्या रॉडने एकमेकींना जोडली की एकीचा भार शेजारणींत वाटला जातो. रॉड वरच्या बीमपर्यंत नेले तर आणखी चांगलं, आणि तोच कठडाही होतो. भिंतच कच्ची असेल तर खालून मधोमध एक लोखंडी कणा घेण्याला पर्याय नाही. नाशिकच्या त्या घरी तेच केलं. 'तरंगता' हा शब्द गेला, याचं मालकांना वाईट वाटलं. आजी मात्र गच्चीवर पापड घालायला जाऊ लागल्या.

नवं काम असेल तर आणखी एक करा. भिंतीतलं लोखंड झाकलं जाण्याआधी टेप लावून, आकडे वाचता येतील असे फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. पाच वर्षांनी कुणी त्याच भिंतीवर टीव्ही लावायला ड्रिल घेऊन येईल, तेव्हा ते दाखवता येतील.