देवाचं चित्र मंडळाला काही दिवसांसाठी विनामोबदला देताना

पुण्यात देवादिकांच्या चित्रांना मागणी येते ती नेमकी पावसाळ्यात. ज्येष्ठ-आषाढात पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला येतात, मग भाद्रपदात गणपती. कागद, कापड आणि लाकूड यांच्यासाठी हेच वर्षातले सगळ्यांत वाईट दिवस. कागदाला बुरशी धरते, कॅनव्हास सैलावतो, तंजावर चित्रातला उठावाचा लेप सुटू लागतो. म्हणून मांडवासाठी चांगली छापील प्रत द्या. मूळ चित्र फक्त बंद सभागृहात, तेही शक्यतो कार्तिक ते फाल्गुन, फार तर तीन महिने.

चित्र १०० वर्षांहून जुनं असेल तर ते १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकतं. त्याची नोंदणी झालेली असेल तर हलवण्याआधी नोंदणी अधिकाऱ्यांना विचारा.

मोबदला घ्यायचा नसला तरी कागद हवाच. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी आणि एक माणूस नावानिशी जबाबदार असावा, 'मंडळ' ही मोघम सही चालत नाही. करारात चित्राचं माप सेंटिमीटरमध्ये, माध्यम, नेण्या-आणण्याच्या तारखा, वाहतुकीचा खर्च कोणाचा, पुढे तिसऱ्याला द्यायचं नाही, हे सगळं लिहा. रुपयांतली किंमतही लिहा. ती नसेल तर विम्याचा दावा अडतो. अहवालात किंवा फ्लेक्सवर चित्र छापायची परवानगी वेगळी असते. चित्र तुमच्या मालकीचं असलं तरी प्रताधिकार (कॉपीराइट) चित्रकाराकडे असू शकतो, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

देण्याआधी पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. एक फोटो बाजूने टॉर्च धरून काढा, त्यात रंगाचे पोपडे स्पष्ट दिसतात. या फोटोंच्या छापील प्रतींवर देणारा आणि घेणारा, दोघांच्याही सह्या घ्या.

चित्र नेण्यासाठी बांधताना काचेवर मास्किंग टेप फुलीसारखी लावली की काच फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. पोहोचल्याबरोबर टेप काढा, नाहीतर डिंक राहतो. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला असले तर वॉर्निशवर गोल ठसे उमटतात. चित्र उभंच न्या, आडवं ठेवून वर काही रचू नका.

आता पूजेचं बोला, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही प्रेमापोटी. विठोबाचं चित्र भिंतीवर लागलं की माणसं हात जोडणारच, आणि तसंच व्हायला हवं. पण ओला झेंडूचा हार फ्रेमला अडकवला की पाणी काचेवरून उतरून खालच्या पट्टीत साचतं आणि तिथून कागद ते शोषतो. कुंकू कडेच्या फटीतून आत शिरतं. समईची काजळी हळूहळू चढत जाते. नुसती मनाई केली तर लोक दुखावतात आणि रात्री कोणीतरी हळूच गंध लावतोच. त्याऐवजी चित्रापासून किमान दीड मीटरवर चौरंग मांडा, त्यावर छोटी मूर्ती किंवा पादुका ठेवा. हार, कुंकू, समई सगळं तिथे. ही व्यवस्था करारातच लिहा आणि पुजाऱ्यांना आधी भेटून सांगा.

बाहेरच्या, पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. वाड्यांच्या भिंती ओल धरतात. दोन हुक वापरा आणि मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते. मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर; प्रेक्षक सतरंजीवर बसणार असतील तर १२०. कागदावरच्या चित्राला ५० लक्स (उजेडाचं माप) प्रकाश पुरतो, तैलचित्राला २०० पर्यंत. काच पुसायची तर फडकं किंचित ओलं करा, काचेवर फवारू नका.

परत आल्यावर सह्या केलेले फोटो शेजारी ठेवून तपासा. कुबट वास आला तर चित्र बाकीच्या चित्रांपासून दोन आठवडे वेगळं, कोरड्या खोलीत ठेवा. पांढरी पूड दिसली तर फडक्याने पुसू नका. बुरशी कागदाच्या तंतूंमध्ये चोळली जाते. तसंच संवर्धकाकडे, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे, न्या.