समुद्रकाठच्या जुन्या फोटोचे साल पोशाखावरून कसे ठरवावे

इंग्लंड-अमेरिकेतल्या घराण्यांच्या अल्बमांत समुद्रकाठचा एखादा तरी फोटो हमखास सापडतो आणि त्याच्या मागे साल लिहिलेले क्वचितच असते. आमच्या सुनेचे माहेर लँकशरचे, त्यामुळे तिच्या पणजीकडचा असा एक अल्बम आमच्याकडे आला आणि बायकांच्या पोहण्याच्या पोशाखावरून काळ लावण्याची सवय मला जडली.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. फोटो अमुक सालाआधीचा नाही एवढेच पोशाख सांगतो. तो किती नंतरचा असेल, हे सांगत नाही. धड असलेला लोकरीचा पोशाख कोणी टाकून देत नसे, तो थोरलीकडून धाकटीकडे जाई. म्हणून फोटोत चार बायका असतील, तर सर्वांत तरुण मुलीच्या अंगावरचा कपडा प्रमाण मानावा, आत्याबाईंचा नव्हे.

गुडघ्याशी आवळलेली विजार, त्यावर घेरदार झगा, खलाशी कॉलर आणि काळे लांब मोजे असा सरंजाम दिसला, तर काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १९१० पर्यंतचा धरावा. त्यातही फोटो घरच्याच कोणी सहज टिपलेला वाटत असेल, तर तो बहुधा १९०० नंतरचा असतो, कारण कोडॅकचा एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा त्या वर्षी बाजारात आला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथमच झाल्या. तिथल्या पोहणाऱ्या अंगाबरोबरच्या एकसंध पोशाखात दिसतात, मात्र घरगुती अल्बमांत तसा पोशाख यायला १९२० चे दशक उजाडले. त्या दशकाची ओळख म्हणजे बिनबाह्यांचा विणलेला लोकरी कपडा, मांडीवर संपणारी चड्डी, कमरेला पट्टा आणि भुवयांपर्यंत ओढलेली टोपी. पाठ उघडी दिसली की १९३० चे दशक समजावे. पोटाची पट्टी दिसते पण बेंबी झाकलेली आहे, असा दोन तुकड्यांचा पोशाख बहुधा १९४० च्या दशकातला. अमेरिकन सरकारने १९४३ मध्ये पोहण्याच्या कपड्यांतले कापड दहा टक्क्यांनी कमी करायला लावले होते. बिकिनी ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसमध्ये अवतरली, परंतु चारचौघींच्या अंगावर ती पुष्कळ उशिरा आली.

दोन ठिकाणी मी स्वतः फसलो आहे. ओली लोकर पाण्याच्या वजनाने खाली लोंबते, तेव्हा कपड्याची लांबी कोरड्या उभ्या असलेल्या बाईवरूनच मोजावी. दुसरा घोटाळा रंगाचा. त्या काळच्या बऱ्याच हौशी फिल्मना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल पोशाख काळा उमटे आणि निळा फिकट पडे. ‘काळा म्हणजे सुतकी’ हा माझा तर्क असाच कोसळला.

पोशाखानंतर फोटो उलटून पाहावा. तो पोस्टकार्डावर छापलेला असून मागे मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असेल, तर ब्रिटनमधले कार्ड १९०२ च्या आधीचे नाही आणि अमेरिकेतले १९०७ च्या आधीचे नाही.

आपल्याकडच्या चौपाटीवरच्या फोटोंत ही रीत चालत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात लुगडे सावरत उभ्या असलेल्या आजीचा काळ नऊवारी की पाचवारी यावरून आणि पोलक्याच्या बाहीवरून शोधावा लागतो.

ठरलेले साल फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, कारणासकट लिहावे: ‘१९२५ च्या सुमारास, पट्टा व टोपीवरून’. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो.