बारा शीटची बेरीज एका पानावर
एक्सेलमध्ये सोसायटीच्या मेंटेनन्सची दर महिन्याला वेगळी शीट असेल, तर गोषवाऱ्यात बारा लिंका हाताने देत बसू नका. ए स्तंभात ए२ पासून शीटची नावं लिहा: एप्रिल, मे, जून... मग बी२ मध्ये =इनडायरेक्ट("'"&ए२&"'!बी१") टाका आणि खाली ओढा. ए२ मध्ये ज्या शीटचं नाव आहे, तिच्या बी१ चौकटीतली रक्कम हे सूत्र आणतं. (सूत्र टाइप करताना अक्षरं-आकडे अर्थातच इंग्रजी: INDIRECT, A2, B1.) एकेरी अवतरणचिन्हं गाळू नका, नावात स्पेस असेल तर ती लागतातच. #रेफ! (#REF!, म्हणजे पत्ता सापडत नसल्याची चूक) दिसलं, तर आधी नावामागे चिकटलेली स्पेस शोधा, बहुधा तीच निघते.

यातला 'बी१' म्हणजे नुसता मजकूर. महिन्याच्या शीटमध्ये ओळी वाढल्या तरी तो सरकत नाही, म्हणून एकूण रक्कम तळाशी न ठेवता पहिल्याच ओळीत, बी१ मध्ये ठेवा. रक्कम दुसऱ्या फाइलमधून आणायची असेल, तर एक्सेलमध्ये ती फाइल उघडी हवी.