पूर्वचाचणी–उत्तरचाचणी: कोणती परीक्षिका लावायची?

एम.एड.ची प्रबंधिका असो की शाळेतलं कृतिसंशोधन, शिकवण्याआधीच्या (पूर्वचाचणी) आणि नंतरच्या (उत्तरचाचणी) गुणांचा तक्ता हातात आला की ‘टी काढून टाका’ हा सल्ला ठरलेला. टी म्हणजे मध्यमानांतला फरक निव्वळ योगायोगाचा वाटतो की नाही, हे पाहायचा आकडा; तो काढायच्या पद्धतीला परीक्षिका म्हणतात. टी दोन प्रकारचा असतो, जोडीचा आणि स्वतंत्र गटांचा, आणि घोळ तिथेच होतो.

तीच मुलं दोनदा तपासली असतील तर जोडीची टी-परीक्षिका लावायची. प्रत्येक मुलाचे उत्तरचाचणीचे गुण वजा पूर्वचाचणीचे गुण, असा फरकांचा एक रकाना करा. फरकांच्या प्रमाण विचलनाला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा आणि त्या उत्तराने फरकांच्या मध्यमानाला भागा. समजा 30 मुलं, मध्यमान 14 वरून 16.5 वर गेलं, दोन्ही वेळचं प्रमाण विचलन (गुण मध्यमानाभोवती किती पसरलेत याचं माप) 5 आणि दोन्ही गुणांतला सहसंबंध 0.8. मग फरकांचं प्रमाण विचलन 3.16 आणि टी 4.33 येतो, 29 स्वाधीनता मात्रांना (इथे मुलांची संख्या वजा एक) 0.05 स्तरावर 2.045 पुरतो. हेच गुण स्वतंत्र गटांच्या सूत्रात घातले तर टी 1.94, म्हणजे असार्थक, योगायोगही असू शकेल असा! हुशार मूल दोन्ही वेळा हुशारच असतं, ही माहिती त्या सूत्राने फेकून दिलेली असते. एक्सेलच्या टी.टेस्टमध्ये शेवटचा आकडा 1 टाकला की जोडीची परीक्षिका लागते. मात्र ते सूत्र टी नव्हे, थेट पी-मूल्य देतं, म्हणजे मुळात फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता.

प्रसामान्यता (आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसतात का) तपासायची ती फरकांची, मूळ गुणांची नव्हे. नमुना लहान आणि फरक त्या वक्रापासून फारच वेगळे असतील तर विल्कॉक्सनची चिन्हांकित-क्रम परीक्षिका वापरा; ती फरकांच्या क्रमांकांवर चालते.

निकाल फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा असेल तर मॅकनेमारची परीक्षिका. इथे बदललेली मुलंच मोजायची. 12 मुलं नापासाची पास झाली आणि 3 पासाची नापास, तर काय-वर्ग (12−3)²÷15 = 5.4. पण बदललेली मुलं 25 हून कमी असल्याने द्विपद वितरणावरून काढलेलं नेमकं पी-मूल्य द्यावं, ते 0.035 येतं.

एकाच गटाचा टी कितीही मोठा आला तरी श्रेय अध्यापन पद्धतीला देता येत नाही. सर्वांत कमी गुणांची मुलं निवडून उपचारात्मक अध्यापन केलं, तर पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी तशीही थोडी वर सरकते. म्हणून नियंत्रित गट, म्हणजे नवी पद्धत न वापरलेला तुलनेचा गट हवा.

तो असला की दुसरी चूक हमखास होते: दोन्ही गटांचे वेगवेगळे टी काढायचे आणि ‘प्रायोगिक गटाचा सार्थक, नियंत्रिताचा नाही’ म्हणून मोकळं व्हायचं. यात दोन गटांची एकमेकांशी तुलना झालेलीच नसते. मुलं चिठ्ठ्या टाकून विभागली असतील तर सहप्रसरण विश्लेषण करा, म्हणजे पूर्वचाचणीतला फरक हिशेबात धरून गटांची उत्तरचाचणी ताडून पाहा: उत्तरचाचणीचे गुण परतंत्र चल, पूर्वचाचणीचे सहचल, गट हा घटक. आधी दोन्ही गटांच्या प्रतिगमन रेषांचा (पूर्वचाचणीवरून उत्तरचाचणीचा अंदाज देणाऱ्या रेषांचा) उतार साधारण सारखा आहे ना, ते पाहा. ‘अ’ तुकडी प्रायोगिक आणि ‘ब’ नियंत्रित अशी अख्खी वाटणी असेल तर मात्र सावध राहा. तुकड्या मुळातच असमान असल्या तर सहप्रसरण आणि गुणवाढीची साधी तुलना वेगवेगळे निष्कर्ष देऊ शकतात. शिवाय शिक्षक, वर्ग आणि पद्धत यांचा परिणाम एकमेकांत मिसळतो. तो वेगळा काढणारी परीक्षिका नाही.