लपलेलं शिश्न: मुलांच्या बाबतीत घाई, मोठ्यांच्या बाबतीत उशीर, या दोन्ही चुका टाळा

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत गुटगुटीत बाळाचं कौतुक फार. रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात आजी येते ती नातवाच्या मांडीवरच्या वळ्या दाखवत. मग दार लोटून घेते आणि आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टर, याची नुनी दिसतच नाही हो. आत गेलीय का?" ज्या बाळशाचं आत्ता कौतुक चाललं होतं, बहुतेक वेळा त्यातच ती लपलेली असते. दोन्ही बाजूंची चरबी बोटांनी अलगद दाबली की शिश्न वर येतं, सोडलं की परत बुडतं. आजीला ते दाखवलं की अर्धं काम होतं.

पण सगळीच मुलं अशी नसतात. काहींच्या शिश्नाच्या मुळाशी कातडी आतल्या थराला नीट धरलेली नसते, त्यामुळे ते आत सरकतं. काहींत अंडकोषाची कातडी पडद्यासारखी शिश्नाच्या खालच्या बाजूपर्यंत चढलेली असते. काहींत सुंतेनंतरचा व्रण आवळत जातो आणि शिश्न आत कोंडलं जातं. वरून पाहिलं तर सगळं सारखंच वाटतं, उपाय मात्र वेगवेगळे.

घरी पट्टी लावून मोजणं

वर जेवढं दिसतं ती लांबी नव्हे. डॉक्टर चरबी दाबून, हाडापासून टोकापर्यंत मोजतात. पूर्ण दिवसांच्या नवजात मुलात ही लांबी साधारण 3.5 सेंमी असते. 2.5 सेंमीपेक्षा कमी भरली तर हार्मोनच्या तपासण्या लागू शकतात, कारण तो आजारच वेगळा. लपलेल्या शिश्नाची लांबी मुळात ठीकच असते, तेव्हा "वाढीसाठी" म्हणून हार्मोनचं मलम किंवा इंजेक्शन देऊन काही साधत नाही. उलट लहान वयात उगाच दिलेल्या हार्मोनने हाडांची वाढ भलत्याच वेगाने होऊ लागते. दोन्ही अंडकोष खाली आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं. सहा महिन्यांनंतरही एखादा खाली आलेला नसेल तर बालशल्यचिकित्सकाला दाखवायला हवं, शिश्न दिसो न दिसो.

मालिशच्या वेळी कातडी मागे ओढणं

ही चूक मी सर्वांत जास्त पाहतो आणि ती प्रेमापोटी होते. मालिश करणारी बाई सांगते, रोज तेल लावून थोडी थोडी मागे घ्या, नाहीतर पुढे त्रास होईल. जन्मतः पुढची कातडी टोकाला चिकटलेलीच असते. काही वर्षांत ती आपोआप सुटते, काही मुलांत वयात येईपर्यंत वेळ लागतो. ओढली की बारीक चिरा पडतात, त्या भरताना कडक वळ येतो आणि जे नैसर्गिक होतं त्याचा खरा आजार होतो. मागे गेलेली कातडी पुढे आलीच नाही, टोक सुजलं, तर तसंच रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी. बाहेरून पाण्याने धुणं पुरेसं आहे. आजी ऐकत नसेल तर तिला घेऊन या, मी सांगतो. सुनेने सांगितलेलं टिकत नाही, हा माझा जुना अनुभव.

"सुंता करून टाका, दिसायला लागेल"

याने भरून न येणारं नुकसान होऊ शकतं. शिश्न आत सरकलेलं असेल आणि साधी सुंता केली, तर जी कातडी पुढे दुरुस्तीसाठी लागणार होती तीच कापली जाते. मग व्रणाची कडा बटव्याच्या दोरीसारखी आवळते आणि शिश्न आत अडकतं. धार्मिक कारणाने करायची असेल तरी बाळ आधी बालशल्यचिकित्सकाला दाखवा. आपल्याकडे एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयात तो विभाग आहे.

नुसत्या चरबीमुळे असेल तर वाट पाहणं हाच उपचार. मूल चालू-धावू लागलं, उंची वाढली की पुष्कळदा प्रश्न मिटतो. दाखवायलाच हवं ते असं: धार बारीक किंवा तिरकी, कातडीचा फुगा होऊन त्यात लघवी साठते आणि नंतर चड्डीत गळत राहते, वारंवार लाली किंवा पू, लघवीच्या संसर्गाने येणारा ताप, चरबी दाबूनही शिश्न वर न येणं. कातडीचं तोंड फारच अरुंद असेल तर काही आठवडे स्टेरॉइड मलम लावून ते सैल होतं, पण ते डॉक्टरांनी दिलेलं असावं.

मोठ्या माणसांनी गप्प बसणं

इंदुरी माणूस पोह्यावर शेव कुठली हवी यावर तासभर वाद घालेल, पण बसून लघवी करावी लागते हे दोन-दोन वर्षं बायकोलाही सांगणार नाही. पोट सुटतं, त्याखालची चरबी लोंबते, शिश्न आत जातं. लघवी घडीत साचते, कातडी सतत ओली राहते, खाज सुटते. मग औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम येतं. त्यातल्या तीव्र स्टेरॉइडने खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरते. पावडर मारली तर ओल्या घडीत तिच्या गाठी होतात.

वारंवार खाज येणाऱ्या प्रत्येकाची मी आधी साखर तपासतो. पुष्कळांना मधुमेह आहे हे तेव्हाच कळतं. आधीपासून मधुमेह असेल तर गोळ्यांची नावं पाहा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीतून बाहेर टाकतात, म्हणून तिथे बुरशी वाढू शकते. मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

"वजन उतरलं की बाहेर येईल" हे निम्मंच खरं. वजन कमी करायलाच हवं, पुढे शस्त्रक्रिया करायची असली तरी त्याचा उपयोग होतो. पण कातडी पांढरी, कडक, आवळलेली झाली असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार असू शकतो आणि वजन घटवून तो जात नाही. अशी कातडी वर्षानुवर्षं तशीच सोडली तर कर्करोगाचा धोका वाढतो. न भरणारी जखम, गाठ किंवा रक्त दिसलं की यूरोलॉजिस्टकडे जायचं, मलम बदलत बसायचं नाही. शस्त्रक्रियेत जादा चरबी आणि खराब कातडी काढतात, गरज पडल्यास मांडीची कातडी लावतात. ती टिकावी म्हणून आधी साखर ताब्यात आणायची आणि सिगारेट-तंबाखू सोडायचं.

लघवी पूर्ण अडली, किंवा तापाबरोबर त्या भागात झपाट्याने सूज, असह्य दुखणं, काळपटपणा आला तर सकाळची वाट पाहू नका. मधुमेह असेल तर मुळीच नाही.

एरवी ओपीडीच्या खिडकीवर रांगेत कारण सांगायची लाज वाटत असेल तर "लघवीचा त्रास" एवढंच म्हणा. चिठ्ठी मिळते. बाकीचं आत, दार लावून.