काळी नदीकाठच्या वनमुक्कामाची तयारी

कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, दांडेली आणि गणेशगुडीच्या परिसरात, काळी नदीच्या काठी, वस्तीपासून दूर असलेल्या एखाद्या वननिवासात चार-पाच दिवस राहायला जाणाऱ्या मुंबईकर कुटुंबासाठी ही तयारीची यादी आहे. तिला निकष एकच लावला आहे : खानापूर आणि लोंढा मागे टाकून गाडी रामनगरच्या पुढे जंगलात शिरली, की जे विकत मिळणार नाही, घरपोच मागवता येणार नाही आणि शेजारच्या खोलीतून उसनेही मिळेल याची खात्री नाही, त्याचा विचार सर्वांत आधी करावा. या निकषाने पाहिले तर दुर्बीण, रुंद कडेची टोपी आणि जंगलात शोभतील असे हिरवट कपडे, ज्यांच्या खरेदीत आपण सर्वाधिक उत्साह दाखवतो, ते पार खाली जातात. आणि चष्म्याची दुसरी जोडी, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि वननिवासाच्या व्यवस्थापकाशी केलेला एक सविस्तर फोन हे वर येतात.

पहिला निर्णय महिन्याचा. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीच्या या पट्ट्यात मुसळधार पाऊस असतो, पायवाटांवर जळवा असतात, आणि सफारी व नदीवरचे खेळ बहुतांशी बंद असतात. ज्यांना व्हरांड्यात बसून नुसता पाऊसच पाहायचा आहे, त्यांनीच तेव्हा जावे. डिसेंबरपासून हवा कोरडी आणि सुखद होते, पण त्याच सुमाराला गोचिडांचे दिवस सुरू होतात आणि ते मेपर्यंत चालतात. त्यामागच्या आजाराविषयी पुढे लिहिले आहे. धनेश पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांना मात्र जानेवारीनंतरचे महिने सोडवत नाहीत, कारण त्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवत राहतो, आणि ते पाहायला दांडेलीसारखी ठिकाणे फार थोडी आहेत. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर दिवाळीची गर्दी ओसरल्यानंतरचे नोव्हेंबरातले आठवडे माझ्या मते सर्वांत बरे. तोवर जळवा आटोपलेल्या असतात, नदीला पाणी असते आणि खोल्यांचे दरही सणाइतके चढलेले नसतात.

महिना ठरला की प्रवासाकडे वळावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे वननिवासाची खोली त्याहून आधी घेतली असली तरी तिकिटासाठी थांबावे लागते, आणि तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा लागतो. मुंबईहून पुणे, मिरज, बेळगाव या मार्गाने हुबळीकडे जाणाऱ्या गाडीने लोंढा, अळनावर किंवा धारवाड येथे उतरून पुढे मोटारीने जाता येते. कोणत्या स्थानकावर उतरायचे हे गाडी तेथे किती वाजता पोहोचते आणि वननिवासाची मोटार कोठे येऊ शकते यावर ठरवावे, नकाशावरच्या अंतरावर ठरवू नये. स्वतःच्या गाडीने निघणाऱ्यांनी हिशेब उलटा मांडावा : जंगलातला शेवटचा टप्पा दिवसाउजेडी पार पडला पाहिजे, कारण संध्याकाळनंतर रानगवे रस्त्यावर येतात आणि वळणापलीकडे उभा असलेला गवा दिव्यांच्या झोतात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यासाठी मुंबई पहाटेच्या अंधारातच सोडावी, किंवा कोल्हापूर अथवा बेळगावला एक रात्र मुक्काम करावा. वृद्ध बरोबर असतील तर मी मुक्कामाचाच पर्याय सुचवीन. इंधनाची टाकी बेळगावातच भरून घ्यावी. गोव्यावरून वळसा घेऊन जाणाऱ्यांनी तेथून मद्याच्या बाटल्या बरोबर घेऊ नयेत, कारण परवान्याशिवाय त्या कर्नाटकात नेणे गुन्हा आहे आणि सीमेवरच्या नाक्यावर गाडी उघडून पाहिली जाते.

खोलीचे पैसे भरण्यापूर्वी व्यवस्थापकाशी फोनवर बोलावे. संकेतस्थळावरची छायाचित्रे त्याला पर्याय ठरत नाहीत. वीज किती तास असते आणि ती गेल्यावर जनित्र रात्रभर चालते की दहाला बंद होते, गरम पाणी नळाला येते की बादलीत, खोलीपासून जेवणघरापर्यंत आणि नदीपर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतात, कमोड प्रत्येक खोलीत आहे का, कोणत्या कंपनीचा मोबाइल तेथे लागतो आणि लागत नसेल तर कार्यालयातला दूरध्वनी चालू असतो का, हे सगळे विचारावे. मराठी किंवा कोकणी बोलणारा माणूस तिकडे हमखास भेटतो, तेव्हा भाषेचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. नदीवरच्या खेळांना त्या हंगामात प्रशासनाची परवानगी आहे का, आणि ते खेळ वननिवासाचे स्वतःचे आहेत की बाहेरच्या कोणा ठेकेदाराचे, हा प्रश्न पुष्कळांना उद्धट वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे. परदेशी पासपोर्ट असलेला भाचा किंवा सून बरोबर येणार असेल तर तेही आधीच कळवावे. परदेशी नागरिकांची नोंद चोवीस तासांत ठरावीक अर्जावर करणे निवासचालकाला बंधनकारक असते आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट व व्हिसा लागतो. इतरांनी आधार किंवा तत्सम ओळखपत्राची मूळ प्रत आणि एक छायाप्रत जवळ ठेवावी, कारण सफारीच्या नोंदणीलाही ती मागतात.

आता नदीविषयी. काळी नदी जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारपाशी समुद्राला मिळते. एवढ्या छोट्या प्रवासात तिच्यावर जलविद्युत प्रकल्पांची मालिकाच उभी आहे. गणेशगुडीजवळचे सुपा धरण १०१ मीटर उंचीचे आहे, आणि त्याच्या खालच्या बाजूला नदीत पाणी किती असेल हे मुख्यतः वीजनिर्मितीसाठी किती पाणी सोडले जाते यावर ठरते. त्यामुळे सकाळी ज्या खडकांवर मुले बसून खेळली, ते दुपारी पाण्याखाली असू शकतात, आणि आकाश स्वच्छ असतानाही नदी चढू शकते. पावसाकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. म्हणून पाणी सोडण्याची साधारण वेळ आणि इशाऱ्याच्या भोंग्याचा आवाज कसा असतो हे पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांकडून विचारून घरातल्या प्रत्येकाला सांगावे, नदीत मधोमध असलेल्या खडकांवर जाऊ नये, आणि भोंगा वाजताच काठावर परतण्याचा नियम मुलांना आधीच घालून द्यावा. या नदीत मगरीही आहेत. दांडेलीच्या बाजूला त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. कर्मचारी ज्या जागेला सुरक्षित म्हणतील तेवढ्याच जागी पाण्यात उतरावे, आणि पहाटे वा संध्याकाळी मुळीच उतरू नये.

राफ्ट किंवा कोराकल या गोल होडीत बसताना जीवरक्षक जाकिटाचे सगळे पट्टे आवळून कोणाला तरी ते खांद्यापाशी वर ओढून पाहायला सांगावे. जाकीट कानापर्यंत वर आले तर ते मोठे आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मापाचे जाकीट तेथे असेलच असे नाही, म्हणून हाही प्रश्न फोनवरच विचारून घ्यावा आणि नसल्यास मुंबईतून विकत घेऊन जावे. होडीत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे बसवली जात असतील तर उतरून यावे, पैसे गेले तरी चालतील. चष्म्याला मागून दोरी लावावी.

आरोग्याचा भाग थोडा विस्ताराने लिहितो. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला आणि आपल्याकडे दोडामार्ग-बांदा भागात माकडताप म्हणून माहीत असलेला आजार उत्तर कन्नड जिल्ह्यातही आढळतो. तो संसर्ग झालेल्या गोचिडीच्या चाव्यातून होतो, त्यावर खास औषध नाही, आणि पूर्वी दिली जाणारी लसही आता वापरात नाही. म्हणजे गोचीड अंगाला लागू न देणे हाच उपाय उरतो. पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे त्यांवर चढलेली बारीक गोचीड दिसते, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, उघड्या त्वचेला कीटकरोधक मलम लावावे, आणि पालापाचोळ्यावर बसकण मारू नये. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनकर्मचाऱ्यांना सांगावे. फिरून आल्यावर लगेच गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग आणि मुलांच्या कानांमागची जागा तपासावी. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतणे किंवा उदबत्ती टेकवणे हे घरगुती उपाय टाळावेत. हा चिमटा काही रुपयांचा असतो आणि नेमका तोच घरी राहतो.

सापांच्या बाबतीत मुंबईकरांना एक जवळचा संदर्भ आहे. परळच्या हाफकिनमध्ये तयार होणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषासाठी असते. घाटातल्या जंगलात आढळणाऱ्या चापड्यांचे विष त्या चारांत येत नाही, त्यामुळे लस आहेच म्हणून निर्धास्त राहता येत नाही. अंधारात खोलीबाहेर पाऊल टाकताना विजेरी आणि बंद बूट, बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकणे, आणि अंथरूण जमिनीवर न घालणे, एवढे पाळले तर बराचसा धोका टळतो. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून गाडीने रुग्णालय गाठावे. लस उपलब्ध असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे रात्री डॉक्टर असतात का, हे व्यवस्थापकाला विचारून कागदावर लिहून ठेवावे, कारण दांडेलीच्या पुढे मोठ्या उपचारांसाठी धारवाड-हुबळी किंवा बेळगावच गाठावे लागते. ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांची गर्भावस्था शेवटच्या महिन्यांत आहे, त्यांनी ही सहल पुढे ढकलावी असे माझे स्पष्ट मत आहे.

नेहमीची औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि दोन वेगळ्या पिशव्यांत विभागावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वननिवासात शीतकपाट रात्री चालू राहते का ते विचारावे, आणि थंड राखणारी पिशवी जवळ ठेवावी. ओआरएसची पाकिटे, गाडी लागण्याची गोळी, तापासाठी पॅरासिटामॉल, जंतुनाशक आणि पट्ट्या पुरेशा आहेत. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने नेऊ नयेत.

कपड्यांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. नदीकाठच्या दमट हवेत जाड सुती कपडा आणि जीन्स दोन दिवस वाळत नाही, म्हणून पातळ, लवकर सुकणारे कपडे न्यावेत. नोव्हेंबरनंतर पहाटेच्या उघड्या जीपमध्ये स्वेटर आणि कानटोपी लागते. पाण्यात घालायला मागे पट्टा असलेल्या सँडल न्याव्यात, चपला वाहून जातात. चाकांची मोठी बॅग मातीच्या वाटेवर ओढता येत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत मिळणारी खांद्याला लावायची साधी पिशवी बरी. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा फराळ डब्यांतून न्यावा आणि खोलीच्या खिडक्या बंद केल्याशिवाय तो उघडा ठेवू नये, कारण माकडांना चिवड्याचा डबा उघडता येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात ड्रोन उडवण्यास मनाई आहे, आणि गाणी वाजवण्याचा स्पीकर घरीच राहिलेला बरा.

फोन लागत नसेल तर यूपीआयही चालत नाही, म्हणून शंभर-दोनशेच्या नोटांत रोख रक्कम जवळ असावी. रस्त्याचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. मुंबईत मागे राहणाऱ्या एका जबाबदार नातेवाइकाकडे वननिवासाचा दूरध्वनी, गाडीचा क्रमांक, परतीची तारीख आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन न आल्यास चौकशी सुरू करायची हे लिहून द्यावे. चार दिवस फोन लागणार नाही हे कार्यालयातही आधी सांगून ठेवावे, म्हणजे कोणी उगाच घाबरत नाही. दूध आणि वर्तमानपत्र बंद करणे, गॅसचा रेग्युलेटर काढणे ही कामे कोणालाही सांगावी लागत नाहीत.

परत आल्यावर बूट आणि पिशव्या घरात आणण्यापूर्वी गॅलरीत झटकाव्यात आणि जंगलात घातलेले कपडे गरम पाण्यात धुवावेत. माकडतापाची लक्षणे साधारणपणे चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत दिसतात, आणि नदीच्या वा चिखलाच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस त्याहून उशिरा, कधी कधी जवळजवळ महिनाभराने प्रकट होतो. त्यामुळे या काळात कोणालाही ताप आला तर तो हवाबदलाचा समजून अंगावर काढू नये. मुंबईतल्या डॉक्टरांचे लक्ष आधी डेंग्यू-मलेरियाकडे जाणे स्वाभाविक आहे, म्हणून आपण उत्तर कन्नडच्या जंगलात होतो, कोणत्या तारखांना होतो, अंगावर गोचीड सापडली होती का आणि नदीच्या पाण्यात उतरलो होतो का, हे त्यांनी विचारण्यापूर्वी आपण सांगावे.